दोन नोव्हेंबर, तेवीस नोव्हेंबर आणि आमच्या सेक्टरातलं मैदान

सेक्टर_एकवीस | ९ डिसेंबर २०२५, रात्री १०:४०

लिहू की नको, लिहू की नको करत आठवडा गेला. काल लिफ्टमध्ये दोघीजणी बोलत होत्या. सातव्या मजल्यापासून तळापर्यंत विषय एकच, क्रिकेटपटू स्मृती मानधनाचं लग्न का मोडलं. त्यातल्या एकीची मुलगी माझ्या लेकीबरोबर क्रिकेटला जाते. मी नुसती मान हलवली आणि घरी येऊन स्वतःवरच चिडले. कारण त्या प्रकरणातलं सगळं मलाही तोंडपाठ होतं, हळदीला कोणकोण नाचलं त्यासकट.

हा धागा त्या लग्नावर नाही, आधीच सांगते.

आमच्या घरापासून डी. वाय. पाटील स्टेडियम चालत वीस मिनिटं. खरं म्हणजे महिलांच्या क्रिकेट विश्वचषकाच्या मूळ वेळापत्रकात नेरुळचं नाव नव्हतंच, सामने बेंगळुरूला व्हायचे होते. ४ जूनला तिथे आयपीएलच्या विजयोत्सवात चेंगराचेंगरी होऊन ११ माणसं गेली, आणि ऑगस्टमध्ये ते सामने उचलून आमच्याकडे आणले. म्हणजे आमच्या दाराशी आलेला हा आनंद दुसऱ्या कुणाच्या तरी दुःखावरून आला होता. २ नोव्हेंबरला, फायनलच्या दिवशी, गेटवरची रेटारेटी बघताना हे दोनदा मनात आलं. लेकीचा हात सोडला नाही.

आम्ही चौघी होतो. मी, लेक (वय १२), जाऊबाई आणि सासूबाई (वय ६८). सासूबाईंची छत्री गेटवर काढून घेतली. 'अहो पण पाऊस पडतोय' हे त्यांनी त्या रखवालदाराला तीन वेळा, तीन वेगवेगळ्या स्वरांत सांगून पाहिलं. थालीपिठांचा डबाही गेला. तीनची मॅच पाचला सुरू झाली तोवर आम्ही ओल्या खुर्च्यांवर ओढण्या टाकून बसलो होतो. बाहेर जर्सीवाल्याकडे १८ नंबरचे ढीग होते. एक काका विचारत होते, 'विराटचा ना?' जर्सीवाला म्हणाला, 'आज स्मृतीचा.'

मॅच सगळ्यांनी पाहिली आहे, धावतं समालोचन करत नाही. दोनच गोष्टी सांगते. आपल्या २९८ झाल्या होत्या, दक्षिण आफ्रिकेच्या वोल्वार्ट आणि सुने लूस जमल्या होत्या, आणि कर्णधार हरमननं चेंडू सलामीच्या शफालीकडे दिला. मागच्या रांगेतून 'आता हिला कशाला?' ऐकू आलं. त्याच षटकात लूस गेली, पुढच्यात काप. मागून चकार शब्द नाही. शेवटी जाऊबाईच वळून म्हणाल्या, 'यासाठी!' दुसरी गोष्ट अमनज्योतचा तो झेल. वोल्वार्टच्या १०१ झालेल्या, चेंडू वर, अमनज्योतच्या हातातून एकदा सुटला, दुसऱ्यांदा सुटला. तेवढ्या वेळात सासूबाईंनी माझ्या दंडाला जो चिमटा काढला त्याचा वळ चार दिवस होता. तिसऱ्यांदा धरला तिनं. एका हातात.

रात्री एकच्या सुमाराला चालत घरी आलो. इतक्या बायका, इतक्या रात्री, नेरुळच्या रस्त्यावर मी नवरात्रातसुद्धा पाहिलेल्या नाहीत. कुणी कुणाला 'पोचलीस की मेसेज कर' म्हणत नव्हतं.

आता २३ नोव्हेंबर. त्या दिवशी सगळी चॅनेलं कुठे होती ते आपल्याला माहीत आहे, सांगलीला, स्मृतीच्या ठरलेल्या लग्नाला. त्याच दिवशी कोलंबोत भारताच्या अंध मुलींनी टी-ट्वेंटीचा पहिलावहिला विश्वचषक जिंकला, नेपाळला हरवून. दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, ढाक्यात आपल्या मुली कबड्डीचा विश्वचषक जिंकल्या, चायनीज तैपेईविरुद्ध, ३५-२८. मला हे कधी कळलं? ७ डिसेंबरला. लग्न होणार नाही असं स्मृतीनं स्वतः लिहिलं, त्याच्या खालच्या कमेंटी वाचत होते तेव्हा कुणीतरी रागानं लिहिलेलं सापडलं. म्हणजे खरी बातमीही मला गॉसिपच्या पोटातून मिळाली. हसावं की रडावं.

आणि आता मैदान. लेक जिथे शिकायला जाते तिथे ऑक्टोबरपर्यंत मुलगे साठेक आणि मुली चार होत्या. आज मुली अकरा आहेत. कप आल्यावर पंधरा दिवसांत सात आल्या. पण मुलींची वेळ अजून तीच, दुपारी २ ते साडेतीन. चारनंतर मुलग्यांची 'सिलेक्शन बॅच'. आणि बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन जेवायला. मुली समोरच्या फरसाणवाल्याकडे जातात. तो बिचारा काही म्हणत नाही, पण त्याच्याकडे जायचं म्हणून मुली सकाळपासून पाणी कमी पितात हे मला परवा कळलं. दुपारी दोनच्या उन्हात!

तुमच्याकडे काय आहे? मैदान, वेळ, किल्ली. तेवढंच विचारायचं होतं, खूप लांबलं.

---

तिखटमीठ | ९ डिसेंबर, रात्री ११:१५

उत्तम लिहिलंय. पण 'लग्नावर नाही' म्हणत पहिला परिच्छेद लग्नावरच, हे चाणाक्षपणे केलंत की नकळत? :)

जरा काडी टाकतो. लग्नाची बातमी लोकांनी जबरदस्तीनं ओढून आणली नव्हती. मागणी घातल्याचा व्हिडिओ त्याच तुमच्या डी. वाय. पाटीलवरचा, सगळ्या देशाला दाखवलेला. दरवाजा उघडा ठेवला की लोक आत डोकावणारच. पुरुष खेळाडूंच्या लग्नांनाही हाच तमाशा झाला होता. इथे वेगळा अन्याय काय झाला?

---

कृष्णाकाठ | १० डिसेंबर, सकाळी ७:०५

तिखटमीठ, आम्ही सांगलीचे. दरवाजा कुठपर्यंत उघडा होता आणि लोक कुठपर्यंत घुसले ते आम्ही बघितलंय, म्हणून लिहितो.

लग्नाच्या आधी गाड्या आल्या, हरकत नाही. आम्हालाही कौतुक होतं. गावात चहाच्या टपरीवर माणसं सांगायची, 'आमच्या माधवनगरची पोरगी हाय.' विजय हजारे सांगलीचे, हे आमच्या आज्ज्यानं आम्हाला सांगितलं. आता आम्ही आमच्या पोरांना स्मृती सांगतो. १९ वर्षांखालच्या सामन्यात तिनं बडोद्याला २२४ केल्या तेव्हा २०१३ साल होतं. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या, माझ्या चुलत्यानं कात्रण ठेवलंय.

पण लग्न पुढं ढकललं म्हटल्यावर खरं सुरू झालं. घरात आजारपण, आणि हितं माणसं दवाखान्याच्या दारात माईक घेऊन. माझ्या ओळखीच्या एका भडंगवाल्याला एका बाईनं कॅमेऱ्यासमोर विचारलं, 'तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?' तो म्हणाला, 'मला काय वाटायचं, मी भडंग विकतो.' ते काय दाखवलं नाही त्यांनी.

ती ७ तारखेला म्हणाली की विषय इथं थांबवूया. एवढं तरी ऐकायचं की. तिनं दार लावलं, आता बेल वाजवू नका.

---

सेक्टर_एकवीस | १० डिसेंबर, सकाळी ९:२०

भडंगवाल्यांना माझा दंडवत सांगा.

---

जुना_स्कोअरर | १० डिसेंबर, दुपारी १२:५०

मी चाळीस वर्षं मैदानात स्कोअरर म्हणून बसलो आहे. आझाद, क्रॉस, ओव्हल, शिवाजी पार्क. कांगा लीगमध्ये पावसात तंबूखाली वही भिजू नये म्हणून शर्टात धरून धावा लिहिल्या आहेत. तेव्हा भावनेच्या भरात न जाता दोन शब्द.

महिला संघ जिंकला, अभिनंदन. पण पुरुषांच्या आणि यांच्या क्रिकेटची तुलना नको. सीमारेषा आत ओढलेली असते, वेग कमी असतो. गर्दी जमली कारण तिकीट शंभर रुपयांपासून होतं आणि यजमान आपण होतो. पुढच्या वर्षी कोण येतं ते पाहू.

बाकी या संघाचा प्रशिक्षक अमोल मुझुमदारसाठी मात्र मन भरून आलं. १९८८ साली आझाद मैदानावर शाळांच्या हॅरिस शील्डमध्ये सचिन-विनोदनं ६६४ ची भागीदारी केली तेव्हा पुढचा फलंदाज तो होता. पॅड बांधून बसला आणि बसूनच राहिला. नंतर रणजी पदार्पणात २६०. प्रथम श्रेणीत ११,००० च्या वर धावा. भारताची टोपी नाही. त्या रात्री हरमनप्रीत त्याच्या पाया पडली तेव्हा मी टीव्हीसमोर उभा राहिलो. सौभाग्यवती म्हणाल्या, 'राष्ट्रगीत लागलंय का?'

---

लेगबाय | १० डिसेंबर, दुपारी १:३०

काका, आदर आहेच, पण 'तुलना नको' म्हणून तुम्हीच तुलना केलीत.

गर्दीबद्दल. २०१३ चा महिला विश्वचषकही मुख्यतः मुंबईतच होता. यजमान आपणच होतो. वानखेडेवर सामने ठरले होते. मग मुंबई रणजीच्या फायनलला पोचली आणि वानखेडे तिकडे गेलं, महिलांना ब्रेबॉर्नवर पाठवलं. विश्वचषक उठवून देशांतर्गत सामन्याला जागा दिली! पुरुषांच्या विश्वचषकाबाबत असं कुणी स्वप्नात तरी आणेल का? तेव्हा लोक आले नाहीत असं म्हणण्याआधी त्यांना कुठे यायचं होतं तेही बघा.

पैशांचंही लिहून टाकतो. २००५ ला आपण सेंच्युरियनला फायनल खेळलो, ऑस्ट्रेलियाकडून ९८ धावांनी हरलो. त्या स्पर्धेत सामन्याला १,००० रुपये मिळाले होते, आठ सामन्यांचे ८,०००, हे तेव्हाची कर्णधार मिताली राजनंच सांगितलं आहे. यंदा बीसीसीआयनं ५१ कोटी जाहीर केले. २०२२ पासून आंतरराष्ट्रीय सामन्याचं मानधन पुरुषांइतकंच आहे: कसोटी १५ लाख, वनडे ६, टी-ट्वेंटी ३. इथवर छान. पण २०२४-२५ च्या वार्षिक करारात पुरुषांची सगळ्यात वरची श्रेणी ७ कोटींची आणि बायकांची सगळ्यात वरची ५० लाखांची.

(मला आकड्यांचा नाद आहे, वाचणाऱ्यांनी माफ करा.)

---

जुना_स्कोअरर | १० डिसेंबर, दुपारी २:१०

२०१३ चं बरोबर आहे. मी तेव्हा वानखेडेवर रणजी फायनललाच होतो. मुंबईनं सौराष्ट्राला डावानं हरवलं. शेजारी ब्रेबॉर्नवर लगेचच विश्वचषक सुरू होणार आहे याची आमच्यात कुणी चर्चा केल्याचं आठवत नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे ते लिहिलं.

---

कव्हरखालचापाऊस | १० डिसेंबर, संध्या. ६:००

+१ लेगबाय. काकांच्या प्रामाणिकपणालाही +१.

---

मेलबर्नची_मावशी | ११ डिसेंबर, पहाटे ४:३०

इकडून लिहितेय. फायनल संपली तेव्हा आमच्याकडे पहाट उजाडत होती आणि मला साडेसातला ड्यूटीवर जायचं होतं. नवऱ्यानं एकही चेंडू न पाहता झोपेतच 'जिंकलो ना?' विचारलं. आमच्या घरातलं क्रिकेटप्रेम असं समसमान वाटलेलं आहे.

८ मार्च २०२० ला मी इथल्या एमसीजी मैदानावर होते. महिलांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया, ८६,१७४ माणसं. आपण ८५ धावांनी हरलो. सोळा वर्षांची शफाली लवकर बाद झाली आणि रडत बसलेली मोठ्या पडद्यावर दिसली. माझ्या शेजारी एक ऑस्ट्रेलियन आजी पिवळी टोपी घालून बसली होती, ती म्हणाली, 'ही परत येणार.' पाच वर्षं गेली. यंदा तर शफाली संघातही नव्हती. सलामीची प्रतिका रावल जखमी झाली म्हणून बोलावणं आलं, आणि फायनलला ८७ धावा आणि दोन बळी. त्या आजीचा पत्ता घ्यायला हवा होता.

सेक्टर_एकवीस, तुमच्या किल्लीबद्दल. इकडे माझी भाची सार्वजनिक मैदानावर खेळते. मुलींची संध्याकाळची वेळ ठरलेली आहे. पण ते फुकट झालेलं नाही. तिथल्या क्लबात दोन आया तीन वर्षं प्रत्येक बैठकीला जाऊन 'आमची वेळ' एवढंच म्हणत राहिल्या, म्हणे. लोक त्यांना बघून दुसरीकडे वळायचे. चिवटपणा लागतो, दुसरं काही नाही.

---

पीटीचा_तास | ११ डिसेंबर, रात्री ९:४५

मी मराठवाड्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. तुमच्या चर्चेत खोडा घालतो, रागावू नका.

तुम्ही सगळे क्रिकेटवरच भांडताय. जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. मुलींचा संघ जिंकला, नेपाळविरुद्ध ७८-४०. कर्णधार प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. मुलांचाही जिंकला, कर्णधार प्रतीक वाईकर, तोही आपलाच. तुमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये त्यांच्याबद्दल कोण बोललं? जुलैमध्ये नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दोन दिवस स्टेटस ठेवलं सगळ्यांनी. नंतर?

माझ्या शाळेत मैदान आहे, मोठं आहे, फुकट आहे. नववीतल्या मुली खो-खोत अशा सूर मारतात की बघत राहावं. मैदानात खडे आहेत, कोपर फुटतं, हळद लावून पुन्हा उतरतात. अडचण मैदानाची नाही. अडचण जूनची असते. दहावी झाली की जूनमध्ये हजेरीपटातून निम्मी नावं गायब. कुणाचं कॉलेज लांब, एसटी नाही. कुणाचं लग्न. ते लग्न चॅनेलवाले दाखवत नाहीत.

कपानंतर माझ्याकडेही आल्या मुली, बॅट मागायला. शाळेत बॅट एकच आहे, तिची मूठ सैल. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळून दिलं. आता मधल्या सुट्टीत मुलं-मुली भांडतात तिच्यावरून. म्हणजे काहीतरी झालंय एवढं नक्की.

---

तिखटमीठ | ११ डिसेंबर, रात्री १०:३०

सर, तुमच्या प्रतिसादानंतर माझी काडी विझली. 'जूनची अडचण' हे डोक्यातून जात नाहीये.

एक मात्र म्हणतो. क्रिकेटनं बाकी खेळ खाल्ले, कबूल. पण तुमच्या मुली बॅट मागायला आल्या त्याही क्रिकेटमुळेच. टीव्हीवर दिसतं तेच मागितलं जातं.

---

पीटीचा_तास | ११ डिसेंबर, रात्री १०:५०

म्हणूनच म्हणतो, ढाक्याचं दाखवा की टीव्हीवर. रबर आहे माझ्याकडे शिल्लक.

---

रोमातली_मी | १२ डिसेंबर, रात्री १:१०

अनेक वर्षं रोमात आहे (म्हणजे नुसती वाचते), पहिल्यांदाच लिहितेय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मला फायनलपेक्षा ३० ऑक्टोबरची सेमीफायनल आठवते. ऑस्ट्रेलियाच्या ३३८, आणि जेमिमा १२७ नाबाद. ते सगळ्यांना आठवतं. मला त्यानंतरचं आठवतं. ती सांगत होती की या स्पर्धेत मी जवळजवळ रोज रडले, आईला फोन करून रडायचे, अँग्झायटी होती. मधे एका सामन्यात तिला बसवलंही होतं.

आमच्या घरात टीव्ही चालू होता. बाबांचं मत आजवर असं की डिप्रेशन, अँग्झायटी हे सगळे रिकामपणाचे चोचले. मी मार्चपासून औषध घेते, घरात फक्त आईला माहीत आहे. जेमिमा बोलत होती तेव्हा मी मुद्दाम फोनमध्ये बघत बसले. बाबा काही बोलले नाहीत. चॅनेल बदललं नाही हीच नवलाई. जाहिरात लागल्यावर एकदम म्हणाले, 'तू रात्री झोपतेस ना नीट?'

मी 'हो' म्हटलं. खोटंच. पण विचारलं त्यांनी.

---

सेक्टर_एकवीस | १२ डिसेंबर, सकाळी ८:००

रोमातली_मी, लिहीत जा गं. शुद्धलेखनाला काहीही झालेलं नाही.

---

मेलबर्नची_मावशी | १२ डिसेंबर, सकाळी ८:४०

पोरी, बाबांना पुढच्या जाहिरातीत खरं सांगून टाक.

---

जुना_स्कोअरर | १३ डिसेंबर, सकाळी ११:००

दोन दिवस लिहिलं नाही, कपाट आवरत होतो. त्या कपाटामुळेच लिहितो आहे.

जुन्या वह्या सापडल्या. त्यात मुलींच्या सामन्याची एकच वही, आणि तीही अर्धी. झालं असं की आम्हा स्कोअररांत मुलींच्या मॅचची ड्यूटी म्हणजे शिक्षा मानत. मानधन मिळेल-न मिळेल, दुपारचा चहा नाही, अंपायरही कुठलातरी धरून आणलेला. आमच्यातले बरेच जण 'पोट बिघडलंय' सांगत. मीही एकदा सांगितलं होतं. त्या दिवशी कुणी स्कोअरर नव्हता म्हणून राखीव खेळाडूंतल्या एकीनं वही घेतली. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे घेऊन आली, 'काका, बेरीज जुळत नाही, बघता का?' फलंदाजीच्या धावा आणि गोलंदाजीच्या पृथक्करणातल्या धावा यांत तीनचा फरक येत होता. मी चूक काढून दिली, लेगबाइज तिनं गोलंदाजाच्या खात्यात मारल्या होत्या. तिला म्हटलं, 'शिकायचं असतं आधी.' काय शिकायचं आणि कुणाकडून, ते सांगितलं नाही.

वही तिनं माझ्याकडेच ठेवली. त्या सामन्यात एकीच्या ८८ धावा आहेत. पुढचं पान कोरं. त्या ८८ कुठल्या पेपरात आल्या नाहीत, कुठल्या यादीत नाहीत. या वहीतच आहेत फक्त.

सीमारेषेबद्दल मी पहिल्या दिवशी जे लिहिलं ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं, तरी ते नको होतं.

---

लेगबाय | १३ डिसेंबर, दुपारी १२:१५

काका, माझ्या आयडीची शप्पथ, लेगबायच्या चुकीला माफी आहे.

खरंच, त्या वहीचे फोटो काढून ठेवा. बायकांच्या जुन्या क्रिकेटच्या नोंदी अशाच कुणाच्या तरी कपाटात आहेत. १९७३ ला महिला क्रिकेटची देशव्यापी संघटना उभी राहिली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा आपल्या पुण्यातच झाली, संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश. २००६ पर्यंत महिला क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली नव्हतं. म्हणजे तेहतीस वर्षांचा हिशोब असा विखुरलेला.

---

कृष्णाकाठ | १३ डिसेंबर, रात्री ८:२०

माझ्या चुलत्याचं कात्रण स्कॅन करून आणतो. अवांतर: २१ तारखेला विशाखापट्टणमला श्रीलंकेविरुद्ध पहिली टी-ट्वेंटी आहे. स्मृती संघात आहे. आमच्या टपरीवर टीव्ही लावायचं ठरलंय. मालकानं एकच अट घातली आहे, लग्नाचं नाव काढील त्यानं सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायचे.

---

तिखटमीठ | १३ डिसेंबर, रात्री ८:२५

सांगलीला आलो तर दिवाळंच निघेल माझं.

---

लेगबाय | २२ डिसेंबर, रात्री १०:०५

धागा वर काढतो. आजची बातमी: देशांतर्गत महिला क्रिकेटचं मानधन वाढलं. वरिष्ठ गटात अंतिम अकरामधल्या खेळाडूला दिवसाला २०,००० मिळत होते, आता ५०,०००. राखीव खेळाडूंना २५,०००. ५१ कोटींपेक्षा मला ही बातमी मोठी वाटते. ज्या मुली कधी टीव्हीवर दिसणार नाहीत, पण दहा वर्षं राज्याकडून खेळतील, त्यांना नोकरी धरून खेळायचं की नाही हे आता जरा मोकळेपणानं ठरवता येईल. आजवर त्यासाठी मोठा आधार रेल्वेचाच होता. डायना एडलजींपासून हरमनपर्यंत कितीजणी रेल्वेच्या नोकरीवर तगल्या!

---

पीटीचा_तास | २२ डिसेंबर, रात्री १०:४०

आकडा फळ्यावर लिहिणार आहे उद्या. मुलींसाठी नाही. पालकसभा आहे.

---

सेक्टर_एकवीस | २४ डिसेंबर, रात्री ९:३०

आमच्याकडचं कळवते. मेलबर्नच्या मावशींचा सल्ला मानला. आम्ही सातजणी गेलो, लिफ्टमधल्या दोघीही होत्या. मी त्यांना मनातल्या मनात नावं ठेवली होती ते त्यांना माहीत नाही. त्यातल्या एकीचा आवाज असा खणखणीत आहे की ऑफिसातले साहेब फाईल बंद करून ऐकायला लागले.

पहिल्यांदा म्हणाले, चारनंतरची वेळ देता येत नाही, मुलग्यांच्या पालकांचा विरोध होईल. सासूबाई (हो, त्याही आल्या होत्या, नव्या छत्रीसह) म्हणाल्या, 'मुलग्यांचे पालक आम्हीच आहोत, तीनजणींचे मुलगे तिथेच खेळतात.' मग साहेब म्हणाले, बघतो. मग आम्ही बसून राहिलो. मग चहा आला.

मिळालं ते असं. मंगळवार-गुरुवार साडेचार ते सहा, एका नेटवर. तीनपैकी एक नेट, तेही बाजूचं, जिथे जाळी फाटली आहे आणि चेंडू नाल्यात जातो. रविवारी सकाळी साडेसात ते अकरा पूर्ण मैदान, जानेवारीअखेरपर्यंत, 'प्रायोगिक तत्त्वावर'. किल्लीची डुप्लिकेट करून घेतली, चाळीस रुपयांत. ती आता मुलींमध्ये आळीपाळीनं एकीकडे असते. या आठवड्यात माझ्या लेकीकडे आहे, गळ्यात घालून फिरतेय.

फरसाणवाल्यांनी विचारलं, 'पोरी आल्या नाहीत दोन दिवस?' कारण कळल्यावर म्हणाले, बरं झालं. मग म्हणाले, पाणी प्यायला या.

या रविवारी, २८ ला, पहिली मॅच. शेजारच्या नोडातल्या (वसाहतीतल्या) मुली येणार आहेत. त्या नऊच आहेत, आम्ही त्यांना दोन उसन्या देणार. पॅडच्या चार जोड्या आहेत, त्यातली एक अशी की बांधल्यावर माझी लेक गुडघ्यात वाकूच शकत नाही, मांडीपर्यंत येतात. वीस-वीस षटकं. अंपायर म्हणून दोन बाबा तयार झाले आहेत. स्कोअरर मात्र मिळत नाहीये, मोबाइलवर टाकू म्हणतात.

---

जुना_स्कोअरर | २४ डिसेंबर, रात्री ९:५०

मोबाइलवर नको. हार्बरची पहिली कुठली गाडी धरू म्हणजे सातपर्यंत पोचेन? वही आणि पेन्सिली माझ्या मी आणतो. ज्या अर्ध्या वहीबद्दल लिहिलं होतं तीच आणतो, तिच्यात बरीच पानं कोरी आहेत.

---

सेक्टर_एकवीस | २४ डिसेंबर, रात्री ९:५२

काका, नेरुळला उतरा, पूर्वेला या. मी स्टेशनवर आहे. चहा आणि थालीपीठ आमच्याकडून.